हंगेरीतलं 'नेपसावा' हे वृत्तपत्र नेमकं कोणाचं होतं? कम्युनिस्टांचं का?

नाही, मुळात ते सोशल डेमोक्रॅट कामगार चळवळीचं. बुडापेस्टमध्ये त्याची स्थापना 1873 ची मानतात, म्हणजे सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्याही आधीची. पक्ष 1890 मध्ये निघाला आणि हे त्याचं मुखपत्र झालं. 1905 पासून ते दैनिक आहे.

या पत्राने किंमत मोजली ती खरोखर रक्ताने. फेब्रुवारी 1920 मध्ये संपादक बेला शोमोजी आणि तरुण पत्रकार बेला बाचो यांना लष्करप्रमुख मिक्लोश होर्थींच्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी उचलून नेलं, ठार मारलं आणि मृतदेह डॅन्यूबमध्ये फेकले. सैन्याच्या अत्याचारांवर पत्र लिहीत होतं, एवढाच गुन्हा.

मला सर्वांत मोठा वाटतो तो 1941 चा नाताळ अंक. हंगेरी हिटलरच्या बाजूने युद्धात उतरलेली असताना सोशल डेमोक्रॅट, कम्युनिस्ट आणि एंद्रे बायची-झिलिन्स्कींसारखे राष्ट्रवादी नेते त्या एकाच अंकात लिहिते झाले. तीन वर्षांनी, 24 डिसेंबर 1944 ला, बायची-झिलिन्स्कींना फाशी दिलं गेलं. पत्रावर मार्च 1944 मध्येच, जर्मन फौजा शिरताच, बंदी आली होती.

कम्युनिस्टांशी गल्लत होते ती पुढच्या काळामुळे. 1948 मध्ये पक्ष जबरदस्तीने कम्युनिस्ट पक्षात विलीन केला गेला आणि 'नेपसावा' सरकारी कामगार संघटनांचं पत्र बनलं. कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र होतं 'नेपसाबादशाग', ते वेगळं. 2016 मध्ये ते अचानक बंद पडलं. 'नेपसावा' मात्र त्यानंतरही निघत राहिलं.