हवाईमध्ये शाळेच्या बागांना आणि जमिनीवरच्या शिक्षणाला गावातले लोक नेमकी कशी मदत करतात? बाहेरून पैसे पाठवले तर उपयोग होतो का?

पैसे पाठवायचेच असतील तर बागेच्या शिक्षकाच्या पगारासाठी पाठवा. रोपं, कुंड्या आणि रंगवलेल्या पाट्यांसाठी एक डॉलरही पाठवू नका.

तुम्ही लिहिलंय की हवाईत मुलांना शेतावर, ओढ्यावर नेऊन शिकवतात असं वाचनात आलं आणि त्यात गावाचा हात किती हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी ओआहू बेटावर, कोओलाऊ डोंगराच्या पावसाळी अंगाला राहते. माझा मुलगा इथल्याच सरकारी शाळेत शिकला. त्या शाळेच्या मागच्या जागेवरून मी इतक्या जणांशी भांडलेय की चार ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा मंजूर असते, बागेच्या शिक्षकाची बहुतेक ठिकाणी नसते. त्याचा पगार पालकांच्या वर्गणीतून किंवा एखाद्या न्यासाच्या अनुदानातून येतो, नाहीतर फूडकॉर्प्ससारख्या उपक्रमातून वर्ष-दोन वर्षांसाठी आलेल्या तरुणांवर काम भागवलं जातं. अनुदान संपलं की माणूस जातो. त्यानंतर जून-जुलैच्या सुट्टीत गवत छातीपर्यंत वाढतं आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडते तेव्हा कार्यालयात कुणीतरी म्हणतं, "ती जागा वायाच चाललीय."

आमच्या शाळेत अगदी हेच झालं. शाळेचं नाव लिहीत नाही. बागेची शिक्षिका मे महिन्यात निरोप घेऊन गेली, आणि पुढच्या बैठकीत प्रस्ताव आला की मागचा उतार सपाट करून तिथे तात्पुरत्या वर्गखोल्या बसवाव्यात. मी विरोध केला. तेव्हा आपल्याच मंडळींतले एक गृहस्थ, गणपतीला दरवर्षी भेटणारे, सगळ्यांसमोर मराठीत मला म्हणाले, "वहिनी, चिखलच तुडवायचा होता तर गावी काय कमी होता? ही इथल्या लोकांची हौस आहे. आपल्या मुलांना कोडिंग शिकू द्या."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्याला उत्तर देईनच, पण आधी त्या उताराचं काय झालं ते सांगते.

बैठकीला मुलाच्या वर्गातल्या एका मुलाची आजी आली होती. इथे आजीला तूतू म्हणतात आणि मुलं वर्गातल्या सगळ्यांच्याच आजीला तसंच हाक मारतात. ती बैठकीत एक शब्द बोलली नाही. शनिवारी सकाळी मात्र नातवंडं, दोन भाऊ आणि कोयते घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर झाली. तिला माहीत होतं की त्या गवताखाली एक जुना आउवाई, म्हणजे ओढ्यातून काढलेला पाट, बुजून पडलाय. तिच्या लहानपणी तो वाहता होता. आम्ही पाच-सहा कुटुंबं जमलो. गवत कापलं, गाळ उपसला, दगड बाजूला रचले. काम बरेच शनिवार चाललं. तूतूने तोपर्यंत एकही रोप लावू दिलं नाही. पाणी वाहतं झाल्याशिवाय आणि ते खाली पुन्हा ओढ्याला मिळतंय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लावणी नाही, एवढंच तिचं म्हणणं. पाणी अडवायचं नाही, खाचरातून फिरवून परत द्यायचं, हा इथला जुना नेम. दुसरा नेम असा की आउवाईच्या कामाला ज्याचे हात लागतात, त्याच्या हिश्श्याला पाणी येतं.

गावाची मदत म्हणजे काय, हे मला त्या पाटावर कळलं. बँकेतली रक्कम नंतर आली, तीही आली म्हणून बरं झालं. पण शाळेने उतार सपाट करायचा विचार सोडला तो वाहतं पाणी आणि दर शनिवारी येणारी माणसं पाहून.

इथे कालो लावतात. कालो म्हणजे आपलं अळूच, वनस्पती तीच. फक्त पानापेक्षा कंदाला मान जास्त. त्याच्या खाचराला लोई म्हणतात. माझं माहेर कुडाळजवळचं, भातशेतीचं. लोईचा बांध घालायची वेळ आली तेव्हा मला कुणी काही शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे खेकडे बांध पोखरतात, इथे क्रेफिश. बिळात आधी दगडाचा तुकडा, मग घट्ट चिखल, वरून टाचेने दाब, आणि शेवटी ओल्या तळव्याने लिंपण. तूतू बराच वेळ बघत उभी होती. "कोणी शिकवलं?" म्हणाली. वडिलांनी, म्हटलं. त्या सुट्टीत फाटकाची किल्ली तिने माझ्याकडे ठेवायला सांगितली.

कालो उपटायची पद्धत मुलांना तिनेच दाखवली. आधी पायाने भोवतीचा चिखल सैल करायचा. मुळं सुटली की तळव्याला कळतं. मग देठांच्या बुडाशी दोन्ही हातांनी धरून उचलायचं. कापताना कंदाची वरची पातळ चकती देठांनाच राहू द्यायची, पानं छाटायची. ती चकती आणि वरचे वीतभर देठ, ही झाली हुली. तीच पुन्हा चिखलात रोवायची. कंद तयार व्हायला नऊ महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. म्हणजे शाळेचं एक अख्खं वर्ष आणि मधली सुट्टी. रोपं लावून फोटो काढून जाणाऱ्या पाहुण्यांचा बागेला काही उपयोग नाही असं मी म्हणते ते एवढ्यासाठीच.

आता त्या गृहस्थांना उत्तर.

ही "इथल्या लोकांची हौस" नाही. १८९३ मध्ये हवाईच्या राज्याची राणी लिलिउओकलानी हिची सत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्याने शाळेचं माध्यम इंग्रजी झालं. पुढच्या पिढ्यांतल्या मुलांना हवाईयन बोलल्याबद्दल शाळेत शिक्षा झाली. १९७८ मध्ये राज्यघटनेत हवाईयन भाषेला अधिकृत स्थान मिळालं, १९८४ मध्ये काउआईवरच्या केकाहा गावात पुनाना लेओ या हवाईयन माध्यमाच्या बालवाड्यांतली पहिली निघाली, आणि १९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. हे सगळं पालकांनी, आजी-आजोबांनी रेटलं, सरकार मागून आलं. जमिनीचंही तेच. १८४८ च्या महेलेनंतर, म्हणजे राजाने केलेल्या जमीनवाटपानंतर, जमीन खाजगी मालकीची झाली आणि बघता बघता उसाच्या मळ्यांकडे गेली. पाणीही मळ्यांकडे वळलं. आमच्या शेजारच्या वायाहोले खोऱ्यातलं पाणी १९१६ पासून डोंगरातल्या बोगद्यांतून पलीकडच्या उसाला जात होतं. ऊस कंपनी १९९५ मध्ये बंद पडली, तेव्हा ते पाणी ओढ्यांत परत यावं म्हणून इथले शेतकरी लढले, आणि २००० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की पाणी ही सर्वांची ठेव आहे, राज्य तिचं विश्वस्त. शाळेतलं मूल पाटाच्या तोंडाशी बसून पाण्याचा वेग मोजतं, तेव्हा त्याला हा सगळा इतिहास कळतो. आणि तो वेग काढायला भागाकार लागतोच.

माझ्या मुलाला चंद्राच्या प्रत्येक रात्रीचं हवाईयन नाव येतं. लावणी कोणत्या रात्रींच्या सुमारास करायची आणि कोणत्या टाळायच्या, याची त्याने वहीत नोंद ठेवली. हालोआची गोष्ट त्याने मला सांगितली, मी त्याला नाही: इथल्या पुराणकथेतल्या वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथे कालो उगवला, आणि दुसरं मूल झालं ते माणूस, हालोआ. म्हणून कालो थोरला भाऊ. पोईचं, म्हणजे कालोचा कंद शिजवून कुटलेल्या लगद्याचं, भांडं उघडं असताना भांडायचं नाही, हेही त्यातूनच आलेलं. आमच्या घरात जेवताना तो हे मला ऐकवतो. यात त्याचं कोडिंग कुठेही बुडालेलं नाही. बुडालं असतं तरी मी हेच लिहिलं असतं. ज्यांच्या जमिनीवर आपण घर करतो, त्यांच्या जमिनीचे नेम आपल्या मुलांना यायलाच हवेत. "आपली मुलं" आणि "इथल्यांची मुलं" असे दोन वर्ग मी मानत नाही.

शिवाय हे महाराष्ट्राला नवीन आहे असं समजणाऱ्यांनी १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आणि सेवाग्रामची नई तालीम आठवावी. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं गुरं राखतात तिथेच शाळा नेली. गावी चिखल होता हे खरं. पण आपल्या शाळांनी त्याला अभ्यासात जागा दिली नाही, हे त्या गृहस्थांच्या लक्षात येत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येते. इथे मदतीचे बरेच प्रकार आहेत. कोकुआ हवाई फाउंडेशन २००३ मध्ये सुरू झालं. त्यांच्या शालेय कार्यक्रमात पालक आणि गावातले स्वयंसेवक वर्गात जाऊन बागेचे, आहाराचे धडे घेतात. मोठ्या बेटावर, म्हणजे हवाई नावाच्याच बेटावर, कोहाला सेंटर या संस्थेने शाळांच्या बागांचं जाळं उभं केलं. वायआनाएची माओ ऑरगॅनिक फार्म्स तर शाळा संपलेल्या तरुणांना शेतीत घेते आणि कॉलेजच्या खर्चाला हातभार लावते. मला विचाराल तर सगळ्यांत दमदार काम तेच. काउआईवर वाईपा आणि आमच्याकडे हेएइया या ठिकाणी शाळांच्या सहली जातात, पण गावकरीही ठरलेल्या शनिवारी राबतात. हेएइयाच्या जुन्या मत्स्यतळ्याची भिंत १९६५ च्या पुरात फुटली होती, ती शेवटी २०१५ मध्ये पूर्ण जोडली गेली, स्वयंसेवकांनी दगड हातोहात देत. कानू ओ का आइना, हालाऊ कू माना यांसारख्या हवाईयन चार्टर शाळांची, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतःच्या कारभाराने चालणाऱ्या शाळांची, गोष्ट वेगळी. तिथे जमीन हाच अभ्यासक्रमाचा कणा, आणि सुरुवातीची वर्षं त्यांनी तंबूत, उसन्या जागेत काढली.

सरकारही अगदी हात बांधून बसलेलं नाही. २०२१ च्या कायद्याने शाळांच्या जेवणातलं ३० टक्के अन्न २०३० पर्यंत स्थानिक असावं असं ठरवलंय. हवाईचं साधारण ८५ ते ९० टक्के अन्न बाहेरून येतं, त्यामुळे हे हवंच. पण शाळेच्या बागेतून शाळेचं स्वयंपाकघर चालेल या भ्रमात राहू नका. ते काम शेतकऱ्यांचं. बाग शिकण्यासाठी आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. इथे येऊन हात लावायची इच्छा असेल तर पायाला जखम असताना लोईत उतरू नका. लेप्टो कोकणात आहे तसा इथेही आहे. बागेतली पालेभाजी एकेक पान उलटून धुवा, गोगलगाईंमधून उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीचा आजार होतो, आणि मोठ्या बेटावर तो जास्त. फाटकाशी थांबा, मुलं आत जायची परवानगी मागणारी ओली, म्हणजे मंत्रासारखं गाणं, म्हणतात, ती होऊ द्या. कामाची सूचना तिथल्या माणसांकडून घ्या, आपली योजना घेऊन जाऊ नका. मी सांगतेय ते एका बेटाच्या एका बाजूचं आहे. माउईत, काउआईत पाण्याची आणि जागेची स्थिती वेगळी असू शकते. आणि सगळ्याच रोप-लावणी दिवसांना मी निरुपयोगी म्हटलं, त्यातून एखादा स्वयंसेवक कायमचा मिळतोही. क्वचित.

पैसे पाठवण्याआधी संस्थेला एवढंच विचारा की जून आणि जुलैमध्ये पाटाचं पाणी कोण बघतं आणि त्याला पगार कोण देतं. उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं तर पाठवा. "स्वयंसेवक बघतात" असं मोघम उत्तर आलं तर ते पैसे त्या नेमणुकीसाठीच आहेत असं लिहून द्या, नाहीतर थांबा.