राहिलंय काय ते आधी विचार

काय गं,

तुझा मोठा मेसेज वाचला, दोनदा वाचला. व्हॉट्सॲपवर एवढं लांब उत्तर टाईप करायला माझा अंगठा दुखतो म्हणून मेल करतोय, चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

तुझी तक्रार थोडक्यात अशी की थर्ड शिफ्टवाले काही सांगतच नाहीत, तू सकाळी सातला लाईनवर उभी राहतेस तेव्हा कुठलं मशीन का बंद आहे हे कळायलाच अर्धा तास जातो, आणि साडेनऊच्या मीटिंगला उत्तरं मात्र तुला द्यायला लागतात. शेवटी तू विचारलंयस की लोकांना कम्युनिकेशन स्किलच नाहीत तर एचआरला सांगून एखादं ट्रेनिंग लावू का. लाव हवं तर, लोकांना एक दिवस एसी मिळेल. मी अशी ट्रेनिंग बघितलीत, हॉटेलचा हॉल, वर्तमानपत्राचे मनोरे करायचे, कानगोष्टी खेळायच्या, एकमेकांना टाळ्या द्यायच्या, जेवणात पनीर आणि गुलाबजाम, आणि सोमवारी परत त्याच लाईनवर तीच बोंब. कारण खेळ खेळताना सगळ्यांकडे वेळ होता आणि शिफ्ट बदलताना तो नसतो.

त्याआधी तू एक काम कर, उद्या गेटवर थांबून बसचा टाईम बघ. थर्ड शिफ्ट सातला सुटते आणि बस सात दहाला हलते, बरोबर? मग त्या माणसाने पंच करायचं, हात धुवायचे, कपडे बदलायचे आणि बस पकडायची, म्हणजे पावणेसातपासूनच तो मनाने बसमध्ये बसलेला असतो. आणि तुझी फर्स्टची बस चाकण चौकात अडकली की सात पाचला येते. दोघांची भेट झालीच तर वॉशबेसिनपाशी. "चालू आहे ना?" "हा, चालू आहे." झाला हँडओव्हर. यात स्किलचा काय संबंध सांग बरं, तुला मला उभं केलं तरी दोघं हेच बोलणार. ॲडमिनवाल्यांशी भांडून ती बस दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलून घे आणि तेवढा वेळ दोघांनी मशीनपाशी उभं राहून बोलायचं असं ठरव, ओव्हरटाईमचा प्रश्न येईल, तो लेखी सोडवून घे, फुकट थांबा म्हटलंस तर आठवडाभर थांबतील आणि मग कोणी थांबणार नाही. तुझ्या मॅनेजरला हे पटायला वेळ लागेल कारण बसचा खर्च कागदावर दिसतो आणि न बोलल्याचा खर्च दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे कसा ते सांगतो. एका कंपनीत (नाव नको) व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) जॉब धरून ठेवणाऱ्या एका फिक्श्चरचं रेस्ट पॅड, म्हणजे जॉब ज्यावर टेकतो ते, झिजलेलं होतं, जॉब एका बाजूने किंचित खाली बसायचा आणि फेसची पॅरेललिटी जायची, म्हणजे बाजू समांतर यायच्या नाहीत. नाईटच्या ऑपरेटरने डोकं चालवलं, पॅडखाली शिम, म्हणजे पातळ पितळी पत्री, घातली, पीस काढून बघितला, एकदम ओके. पॅड बदलायला टूलरूमला सकाळीच जमणार होतं, तोवर लाईन चालू राहिली, चांगलं काम केलं त्याने. त्याने ग्रुपवर फोटोही टाकला रात्री तीनला, नुसता फोटो, खाली एक अक्षर नाही. त्यावर तीन अंगठे पडले, नंतर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला, मग डिस्पॅचचा प्लॅन आणि मग फुलांचे गुड मॉर्निंग. सकाळचा ऑपरेटर स्वच्छतेचा पक्का, त्याने एअर गनने फिक्श्चर साफ केलं, पॅडच्या कडेने काहीतरी पत्री बाहेर आलेली दिसली, ओढली आणि चिप्सच्या ट्रॉलीत टाकली. आता तू म्हणशील इन्स्पेक्शन काय करत होतं, तर पॅरेललिटी सीएमएमवर (मापं घेणारं मशीन) बघायचे, तेही शिफ्टमध्ये एकदाच, आणि त्या दिवशीचा पीस साफसफाईच्या आधीच उचलून नेला होता. रिपोर्ट ओके. माल गेला, कस्टमरच्या असेंब्लीला बसेना, मग आपली माणसं गेज घेऊन त्यांच्या गेटवर सॉर्टिंगला, वर नुकसानीची डेबिट नोट, आणि एट-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे कस्टमरला चूक का झाली ते लिहून द्यायच्या रिपोर्टमध्ये, कारण काय लिहिलं? ऑपरेटरचा निष्काळजीपणा, पुन्हा ट्रेनिंग दिले.

दोन्ही माणसांनी आपापलं काम नीटच केलं होतं गं, एकाने लाईन थांबू दिली नाही आणि दुसऱ्याने मशीन स्वच्छ ठेवलं. पण पैसे गेले ते एक वेळ सोड, त्या टीमचं पुढे काय झालं ते जास्त बघण्यासारखं होतं. शिम घालणारा माणूस त्या प्लांटमधला सगळ्यात हुशार हात, तो त्यानंतर म्हणायला लागला की आपण कशाला पत्र्या लावा, मशीन बंद ठेवायचं आणि मेंटेनन्सची वाट बघत बसायचं. दुसरा म्हणायला लागला की मी आता कशालाच हात लावणार नाही, साफसफाईलासुद्धा. मग प्रत्येक शिफ्टचं वेगळं कपाट झालं, त्याला वेगळं कुलूप, चांगल्या ॲलन की आणि नवीन इन्सर्टचे बॉक्स आत, "त्यांची शिफ्ट घालवते" म्हणून. एखादं मशीन खरंच त्या एका टूलवाचून बंद राहायचं आणि चावी घरी गेलेली असायची. क्यूसी (तपासणीवाले) आणि प्रॉडक्शन एकमेकांशी बोलायच्या ऐवजी एकमेकांना मेल करायला लागले, एकाच शेडमध्ये वीस पावलांवर बसून, मॅनेजरला सीसी ठेवून. लोक स्क्रीनशॉट काढून ठेवायला लागले. जेव्हा माणसं काम सांगायला नाही तर उद्या सापडू नये म्हणून लिहायला लागतात तेव्हा समजायचं की टीम गेली, माणसं तीच असतात, मस्टरवर सह्या पण असतात, पण टीम नसते.

आता तुला एक मोठी गोष्ट सांगतो, फॅक्टरीतली नाही, समुद्रातली. स्कॉटलंडच्या ॲबर्डीनपासून बरंच आत, नॉर्थ सीमध्ये पायपर अल्फा नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म होता. 6 जुलै 1988. दिवसपाळीत तिथल्या एका कंडेन्सेट (गॅसमधून निघणारं पातळ तेल) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला आणि काम संध्याकाळपर्यंत संपेना म्हणून पाईपच्या तोंडाला नुसती एक चकती लावून ठेवली, ब्लँक फ्लँज. त्याच पंपाच्या मोठ्या मेंटेनन्सचं अजून एक परमिट (कामाची लेखी परवानगी) वेगळं निघालेलं होतं, ते काम सुरूच झालं नव्हतं. शिफ्ट बदलली. रात्री पावणेदहाच्या सुमारास दुसरा पंप ट्रिप झाला, तो काही केल्या चालू होईना आणि तो बंद म्हणजे सगळं उत्पादनच अडतंय, तेव्हा नाईटवाल्यांनी पहिल्या पंपाचा कागद शोधला. त्यांना मेंटेनन्सचं परमिट मिळालं, त्यात दिसलं की काम सुरूच नाही, म्हणजे पंप चालवायला हरकत नाही. व्हॉल्व्हचं परमिट दुसरीकडे होतं आणि हँडओव्हरमध्ये त्याबद्दल कोणी बोललंच नव्हतं. पंप चालू केला, गॅस सुटला, दहाच्या सुमारास पहिला स्फोट. एकूण 167 माणसं गेली. नंतर लॉर्ड कलन यांनी चौकशी केली, 1990 मध्ये रिपोर्ट आला, 106 शिफारशी होत्या त्यात, आणि परमिट आणि शिफ्ट हँडओव्हर या दोन गोष्टींवर जगभरच्या तेल कंपन्या तेव्हापासून जास्त बारकाईने बघायला लागल्या.

हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, तुझ्या लाईनवर गॅस नाही. पण बारकाईने बघ, तिथे कागद होता, नियम होता, फॉर्मवर सह्या घ्यायची पद्धत होती. नव्हतं काय तर "हे अर्धवट आहे" हे तोंडाने सांगणं. माणूस शिफ्ट सोडताना काय झालं ते सांगतो, इतके पीस निघाले, इतकं रिजेक्शन, हे मशीन ओके, कारण झालेलं सांगायला बरं वाटतं. राहिलेलं सांगताना आपण कमी पडलो असं वाटतं, शिवाय समोरचा लगेच "मग का नाही केलं" म्हणतो. म्हणून तू हँडओव्हरची सुरुवातच उलटी कर. आकडे नंतर, ते सिस्टीममध्ये दिसतातच. पहिला प्रश्न हा की अर्धवट काय आहे, तात्पुरतं काय लावलंय, काय काढून ठेवलंय. आणि त्या जागी लाल टॅग लटकला पाहिजे, मशीनवर, ग्रुपवर नाही. ती शिम घातली तेव्हा फिक्श्चरला एक टॅग असता तर एअर गनवाला दोन सेकंद थांबला असता.

लॉगबुकबद्दल. मी कुठल्याही प्लांटमध्ये गेलो की आधी लॉगबुक उघडतो आणि बहुतेक ठिकाणी पानंच्या पानं एकच शब्द असतो, ओके. 23 मार्च 2005 ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट झाला, 15 माणसं गेली आणि 180 जखमी झाली, त्याच्या चौकशीत इतर बऱ्याच गोष्टींबरोबर हेही निघालं की रात्रीच्या माणसाने सकाळच्या माणसासाठी एका ओळीची मोघम नोंद ठेवली होती, टॉवरमध्ये नक्की किती भरलंय ते त्यावरून कळायला मार्ग नव्हता. आणि ती माणसं कित्येक दिवस सुट्टी न घेता बारा-बारा तासाच्या शिफ्ट करत होती हेही त्यातच आहे, दमलेला माणूस कमी लिहितो, त्याला कितीही फॉर्म दे.

तुझ्याकडे अजून एक गोष्ट आहे जी तुझ्या लक्षात आली नसेल. तुमचं लॉगबुक इंग्लिशमध्ये आहे. तुझे ऑपरेटर कोण? कोणी बीडचा, कोणी वाशिमचा, कॉन्ट्रॅक्टवाले बिहारचे नाहीतर ओडिशाचे. इंग्लिशमध्ये लिहायचं म्हटलं की माणूस दोन शब्दात आवरतो कारण स्पेलिंग चुकलं तर हसतील. त्याच माणसाला तोंडाने विचार, "स्पिंडल गरम झाल्यावर साधारण तासाभराने बोअर मोठा यायला लागतो, मग ऑफसेट दोन पॉइंट कमी करायचा" असं सगळं सांगेल, अगदी आवाज कसा येतो ते पण. तेच त्याला मराठीत लिहू दे, हिंदीत लिहू दे, लिहिता येत नसेल तर फोनवर व्हॉइस नोट टाकू दे आणि लिहून तू काढ. ऑडिटवाला काही म्हणाला तर मला सांग, कळण्यासारखी नोंद हवी एवढंच त्याला बघायचं असतं.

आणि "कळलं का?" हा प्रश्न बंद कर. त्याला उत्तर कायम "हो मॅडम" येणार, तू चोवीस वर्षांची, ते पंचेचाळीसचे, तू इंजिनिअर, ते आयटीआय, कोण म्हणेल नाही कळलं म्हणून? त्याऐवजी विचार, "आता मी गेल्यावर पहिलं काय करणार?" तो सांगेल त्यात तुला कळेल काय पोचलं आणि काय नाही. रेल्वेत बघ, जिथे फाटक सिग्नलला जोडलेलं नसतं तिथे गेटमन आणि स्टेशन मास्तर फोनवर नुसतं "हो बंद केलं" म्हणून सोडत नाहीत, प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा आकडा, देतात आणि तो वेळेसकट रजिस्टरला चढतो. त्यात अविश्वास वगैरे काही नाही, कोणाला राग पण येत नाही, पद्धतच आहे. तुझ्या लाईनवर पण पद्धत झाली की राग येणार नाही, सुरुवातीला मात्र येईल, विशेषतः ते जुने काका आहेत ना ते म्हणतील आता आम्हाला परीक्षा द्यायला लावता का. त्यांच्याशी हे आधी एकटं बोलून घे, चारचौघात नको. त्यांनी केलं की बाकीचे करतात.

व्हॉट्सॲप ग्रुपचे दोन कर, एक शिफ्टचा आणि एक केकचा. आणि मशीन बंद असेल तर फोनच करायचा, रात्री दोन असोत नाहीतर तीन. तू झोपेतून उठून चिडून बोललीस तर परत फोन येणार नाही एवढं लक्षात ठेव. हे सगळ्यात अवघड आहे बरं का, टॅग आणि रजिस्टरपेक्षा पण. पहिल्यांदा कोणीतरी येऊन सांगेल की मॅडम माझ्याकडून तीसेक पीस गेले, तेव्हा तुझं तोंड कसं होतं ते सगळी लाईन बघत असणार, लांबून, मान खाली घालून. त्या दिवशी ओरडलीस तर पुढचे पीस तुला सांगायला कोणी येणार नाही, ते डिस्पॅचच्या ट्रॉलीत चांगल्या मालाच्या खाली जातील. आधी "कुठले तीस, बाजूला ठेवलेस का" हे विचार, बाकीचं नंतर. रागवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी रागव, तोवर निम्मा राग उतरलेला असतो आणि नक्की काय झालं ते पण कळलेलं असतं.

अजून एक. तू लिहिलंयस की मॅनेजर तुला प्लॅन ऐनवेळी बदलून देतात आणि कारण सांगत नाहीत. मग तू खाली काय सांगतेस? माझा अंदाज, तू पण नुसता प्लॅनच सांगत असणार. कस्टमरची लाईन थांबेल म्हणून हे मॉडेल आधी घ्यायचंय एवढं एक वाक्य जोडलंस तर सेटिंग बदलताना शिव्या कमी पडतील, आणि कधीतरी ऑपरेटरच म्हणेल की मॅडम मग चार नंबरवर घ्या, तिथे अर्ध्या वेळात सेटिंग होतं. मॅनेजरला सुधारायचं ते नंतर बघू, त्याला पण वरून कोणी सांगत नसणार.

आधी बसचं बघ. आणि येताना गेल्या महिन्याच्या लॉगबुकच्या दोन-तीन पानांचे फोटो घेऊन ये (तुझ्या मॅनेजरला विचारून), आपण बसून बघू की त्यातलं अर्धवट काय काय लपलंय. रविवारी ये, पण अकराच्या आत, नंतर काकू मला भाजी आणायला पिटाळते.

काका