उपग्रहाला दिसलेली धूळ आणि आपल्या दारातली धूळ

वळवाचे दिवस आले की धुळीच्या वादळांबद्दल तेच तेच प्रश्न येऊ लागतात. त्यांपैकी चार येथे घेतले आहेत.

‘थेट उपग्रह’ दाखवणाऱ्या ॲपची वर्गणी भरावी का? (शहापूर, बेळगाव)

भरू नये. इन्सॅट या भारतीय हवामान उपग्रहांची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

अरबस्तानातील धूळ उद्या बेळगावात येणार, असे गुलाबी चित्र फिरत आहे. खरे आहे का? (निपाणी)

हाच संदेश कन्नडमध्येही फिरतो, आणि दोन्हींत चित्राची तारीख व वेळ नसते. तो गुलाबी रंग धुळीचा नव्हे, संगणकाने दिलेला असतो. मेटिओसॅटसारखा (युरोपचा हवामान उपग्रह) उपग्रह 8.7, 10.8 आणि 12 मायक्रोमीटर या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या) तरंगलांबींवर तापमान मोजतो; धुळीच्या थरातून 10.8 चे तापमान 12 च्या तापमानापेक्षा कमी भरते, विरळ बर्फाळ ढगातून मात्र बहुधा उलटे घडते, आणि या फरकांना रंग देऊन चित्र तयार होते. त्यावरून धूळ आहे एवढे कळते. ती जमिनीलगत आहे की दोन-तीन किलोमीटर उंचीवरून निघून जाणार आहे, हे त्या रंगावरून ठरवता येत नाही. दुरून धूळ येतच नाही असे नव्हे. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानाकडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश झाकोळले होते. पण वाऱ्याची दिशा आणि बेळगावच्या सांबरा विमानतळावरील दृश्यमानता न पाहता असा संदेश पुढे ढकलणे हा निव्वळ उतावीळपणा आहे. हवामान खात्याचा इशारा आहे का, ते आधी पाहावे.

वळवाआधीचा धुळीचा लोट बेदाण्याच्या शेडवर येण्यापूर्वी उपग्रहात दिसेल का? (अथणी)

बहुधा नाही. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून पसरते आणि धूळ उडवते. ती धूळ त्याच ढगाखाली दडलेली राहते, शिवाय इन्सॅटची चित्रे पाव ते अर्ध्या तासाच्या अंतराने येतात, तेवढ्यात रॅकवरच्या मण्यांवर थर बसून गेलेला असतो. हवामान खात्याचा तात्काळ (पुढच्या काही तासांचा) अंदाज पाहावा आणि ढग अंगावर येण्याची वाट न पाहता शेडचे पडदे सोडावेत. धूळ बसलेल्या मालाचे काय करायचे, ते कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

मुलाला दमा आहे. उपग्रहाचा धूलिकणांचा आकडा पाहून त्याला शाळेत पाठवू का? (खानापूर)

नाही. तो आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या साऱ्या हवेचा असतो, मुलाच्या नाकाजवळच्या हवेचा नव्हे. जवळच्या हवा-गुणवत्ता केंद्रावरील पीएम 10 ची (10 मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक धूलिकणांची) नोंद त्याहून उपयोगी. पण शाळा आणि औषध यांचा निर्णय त्याच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, तोही धुळीचे दिवस सुरू होण्याआधी.