आजोबा स्काऊट, बाबा स्काऊट, आता नातू

घरात दोन पिढ्या स्काऊट आहेत म्हणून मुलाला वरच्या पायरीवर ढकलू नका. १० वर्षं पूर्ण नसतील तर तो कबच (कब म्हणजे स्काऊटच्या आधीचा लहान मुलांचा गट). स्काऊटमध्येही पायऱ्या ठरलेल्या: आधी 'प्रवेश', मग 'प्रथम सोपान'.

आजोबांचे बॅज पेटीतच ठेवा, गणवेशावर स्वतः मिळवलेलेच लावायचे. (१९५० च्या नोव्हेंबरमध्ये देशातल्या वेगवेगळ्या स्काऊट संघटना एकत्र आल्या, त्याआधीचे बॅज वेगळे दिसणारच.)

पहिल्या महिन्यात रीफ नॉट (दोन दोऱ्यांची टोकं जोडायची गाठ) पुरे:
- दोऱ्या सारख्या जाडीच्या.
- उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की गाठ तिरकी बसते, ताण येताच सरकते. नवखे हमखास इथेच चुकतात.

आजोबांचे हात शिवशिवतील, पण दोरी नातवाच्याच हातात हवी.

पहिली हाईक नाशिकच्या पांडवलेणीपर्यंत. लिटरभर पाणी, बूट वापरातलेच.