चौथ्यांदा तीच गोळी घेण्याआधी: नमुना आधी, औषध नंतर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सहा महिन्यांत चौथ्यांदा योनिमार्गात तीच खाज, तीच आग, दर वेळी बुरशीच्या संसर्गावरची फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी, आठ-दहा दिवस बरं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर "एवढं काय त्यात, सगळ्यांनाच होतं" हेही ऐकून घ्यायचं. वेगळा आयडी घेऊन लिहिल्याबद्दल तुम्ही माफी मागितली आहे, तिची काही गरज नाही. मी हे दीड वर्ष काढलंय, आणि त्यातले आठ महिने केवळ माझ्या एका घाईमुळे गेले. म्हणून लांबलचक लिहितेय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. औषधांची नावं आणि मात्रा लिहितेय त्या डॉक्टरांशी बोलताना तुमच्या हाताशी असाव्यात म्हणून, परस्पर आणून घेण्यासाठी नाही. सुती कपडे, ओले कपडे लगेच बदलणं, सुगंधी साबण न वापरणं हे तुम्हाला पाठ असणारच, त्यामुळे ते सोडून देते.

माझी चूक अशी. दोनतीनदा गोळी घेऊनही त्रास उलटल्यावर एका दवाखान्यात स्वॅब (काडीवर आतल्या स्रावाचा नमुना) घेऊन कल्चर (त्यातून काय वाढतं ते प्रयोगशाळेत पाहणं) करायचं ठरलं. तारीख चार दिवसांनंतरची मिळाली. मधल्या रात्री खाजेने झोप लागेना, म्हणून घरात उरलेल्या क्लोट्रिमॅझोल या बुरशीवरच्याच औषधाच्या, योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या मी तीन रात्री वापरल्या. तपासणीच्या दिवशी मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रिपोर्ट आला: "बुरशीची वाढ आढळली नाही."

येणारच नाही! औषधाने बुरशी दबलेली असताना घेतलेला नमुना तो. पण तो एक ओळीचा कागद फाइलला लागला आणि पुढचं सगळं बिघडलं. त्यानंतर मी ज्यांच्याकडे गेले त्या प्रत्येकाने फाइल उघडली, बोट त्या ओळीपाशी थांबलं आणि फाइल मिटली. बुरशी नाही ना, मग ॲलर्जी असेल. त्या पहिल्या दवाखान्याने (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) तपासायच्या टेबलावर न घेताच स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं. चार दिवस लाली गेली, मला वाटलं सुटले. तिसऱ्या आठवड्यात आधीपेक्षा दुप्पट आग. स्टेरॉइड सूज दाबतं, बुरशी मारत नाही, उलट तिला रान मोकळं करून देतं. परत गेले तेव्हा उत्तर मिळालं, "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्ही ताण घेऊ नका." ताण! बसता येत नाही, सायकल सुटली, लघवीला जायची धास्ती, आणि म्हणे ताण घेऊ नका.

शेवटी ज्या डॉक्टर बाईंनी मला बरं केलं त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "हा नमुना दिला त्याच्या आधीच्या आठवड्यात काय लावलं होतं?" आठ महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं. त्यांनी त्या ओळीवर पेनाने काट मारली. दोन आठवडे काहीही लावायचं नाही, घ्यायचं नाही, मग या, म्हणाल्या. ते दोन आठवडे कसे गेले ते लिहीत नाही.

नंतरची तपासणी दहा मिनिटांची. आतल्या भिंतीला कागदाची पट्टी टेकवून पीएच, म्हणजे आम्लता, पाहिला (आकडा जितका वर तितकी आम्लता कमी), तो ४ च्या आसपास होता. याला महत्त्व आहे: बुरशीत पीएच सहसा नेहमीसारखा, ४.५ पर्यंत राहतो. त्याहून वर असेल आणि माशासारखा वास असेल तर बहुतेक प्रकरण जिवाणूंच्या असमतोलाचं असतं, त्यावर बुरशीचं औषध शून्य उपयोगाचं. ट्रायकोमोनास या शरीरसंबंधातून पसरणाऱ्या परजीवीच्या संसर्गातही पीएच चढतो, आणि त्यात जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. अंगावरून पांढरं जातंय आणि खाज आहे, एवढ्यावरून यातलं काय आहे ते ठरत नाही. स्वतःच ओळखून दुकानातून बुरशीचं औषध आणणाऱ्या बायकांची तपासणी केलेल्या एका अभ्यासात जेमतेम एक तृतीयांश जणींना नुसता बुरशीचा संसर्ग निघाला होता. तेव्हा "मला माझं कळतं" हा माझा तोराही तिथेच गळून पडला.

मग काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कॅन्डिडा अल्बिकन्स ही नेहमीची बुरशी लांब धागे काढते, ते चटकन दिसतात. माझ्यात धागे नव्हते, नुसत्या बारीक अंकुर फुटलेल्या गोल पेशी. बाईंनी मलाही डोळा लावून बघू दिलं. मला तर ते धुळीचे कण वाटले. कल्चरमध्ये नाव आलं: कॅन्डिडा ग्लाब्राटा. ही जात धागे काढत नाही म्हणून घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते, आणि फ्लुकोनॅझोलला पुष्कळदा दाद देत नाही. म्हणजे मी पुन्हा पुन्हा जी गोळी गिळली ती या पाहुणीसाठी नव्हतीच. कल्चरच्या मागणीपत्रावर डॉक्टरांकडून "प्रजाती ओळखा" असं स्पष्ट लिहून घ्या. काही प्रयोगशाळा नुसतं "यीस्ट आढळले" छापून मोकळ्या होतात, आणि नमुना टाकून दिल्यावर तुम्ही भांडून काही होत नाही.

उपचार म्हणून मला बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळाल्या, रोज रात्री एक, योनिमार्गात, २१ दिवस. सकाळी पाण्यासारखं गळतं, पॅड लागतं, चौथ्या-पाचव्या दिवशी थोडं चुरचुरलं. बाराव्या दिवशी लक्षात आलं की आदल्या रात्री मी एकदाही जागी झाले नव्हते. पण नीट वाचा: ही कॅप्सूल तोंडाने घेतली तर विष आहे, मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, आणि गरोदरपणात अजिबात नाही. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. दुसरा पर्याय म्हणून त्यांनी निस्टॅटिन या बुरशीवरच्या औषधाच्या, आत ठेवायच्या गोळ्या सुचवल्या होत्या. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये जगापुढे आणलेलं औषध, नाव न्यूयॉर्क स्टेटवरून. मला ते लागलं नाही, पण तेव्हापासून त्या दोघींबद्दल उगाच आपुलकी आहे.

तुमच्या बाबतीत साधी अल्बिकन्सच निघण्याची शक्यता जास्त. तसं असेल तरी सुटी सुटी एक गोळी घेत राहणं बरोबर नाही. वर्षात तीन किंवा अधिक वेळा झालं तर तो वारंवार होणारा संसर्ग धरतात. त्यात बहुधा पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी गोळी आणि नंतर आठवड्याला एक, सहा महिने, असं चालतं. गोळ्या चालू असेपर्यंत बहुतेकींना बरं राहतं, थांबवल्यावर बऱ्याच जणींना परत होतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. मग आपलंच काही चुकलं असं वाटत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा हृदयाच्या ठोक्यांचं काही औषध चालू असेल तर फ्लुकोनॅझोलच्या आधी सांगाच. गरोदर असाल तर तोंडाने गोळी नको, सात दिवसांचं लावायचं औषध देतात.

सोबत साखर तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यानेही हा त्रास होतो. अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच झाला असेल तर तेही सांगा. नवऱ्यालाही औषध हवं का, असं तुम्ही विचारलंय: बुरशी असेल तर सहसा नाही, त्याला स्वतःला लाली-खाज असेल तरच. मात्र तेल किंवा मेणाचा आधार असलेल्या मलमांनी लॅटेक्सचा कंडोम कमजोर होतो, हे वेष्टनावर बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही.

आणि कृपा करून ते "सकाळी ग्लासातल्या पाण्यात थुंका, तंतू दिसले तर शरीरभर कॅन्डिडा" वाले व्हिडिओ बघू नका. थुंकीला तंतू येतातच. मी त्या नादाला लागून तीन महिने साखर तोडली, माणसांवर खेकसले, खाज होती तिथेच. स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू आत ठेवायची नाही, आत पाण्याचे फवारे मारायचे नाहीत.

ताप, ओटीपोटात दुखणं किंवा फोड असतील तर यातलं काहीही न वाचता सरळ डॉक्टर गाठा. नसेल तर आजपासून काही लावू नका, तारीख घ्या, आणि शेवटचं औषध कधी घेतलं ते चिठ्ठीवर लिहून हातात द्या, कुणी विचारो न विचारो. रिपोर्ट आला की प्रजातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते इथेच कळवा.