कृष्णविवरांची टक्कर, विलीनीकरण की विलय? आणि पहिले तारे ‘तिसरे’ कसे?

प्रश्न दोन आहेत. दोन कृष्णविवरांची ‘टक्कर’ झाली लिहावे की ‘विलीनीकरण’? आणि विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांना ‘तिसऱ्या पिढीचे तारे’ म्हणणे बरोबर आहे का?

‘टक्कर’ टाळावी. टक्कर म्हटली की आपटणे आणि तुकडे उडणे डोळ्यांपुढे येते. इथे दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत असतात. गुरुत्वीय लहरींवाटे (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांवाटे) ऊर्जा निघून जाते, कक्षा आक्रसते, फेऱ्यांचा वेग वाढतो आणि शेवटी दोघांची क्षितिजे, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमा, एक होतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने टिपलेल्या पहिल्या घटनेत सुमारे ३६ आणि २९ सूर्यांइतक्या वस्तुमानाची विवरे होती, उरले ते ६२ सूर्यांचे. बेरीज जुळत नाही म्हणून हा आकडा ‘दुरुस्त’ करू नये; कमी पडलेले ३ सूर्यांचे वस्तुमानच लहरींच्या रूपाने बाहेर पडले.

‘विलीनीकरण’ रूढ आहे, समजतेही. पण ‘-करण’ला कोणीतरी करणारा लागतो, जसे संस्थानांचे विलीनीकरण. आपोआप घडणाऱ्या क्रियेला ‘-भवन’ शोभते, जसे बाष्पीभवन. त्या न्यायाने ‘विलीनीभवन’ शुद्ध ठरेल, पण ते तोंडात बसत नाही. माझ्या मते मथळ्यात ‘विलय’ आणि वाक्यात ‘एकमेकांत विलीन झाली’ लिहावे. ‘एकमेकांत’ गाळू नये, कारण नुसत्या ‘विलीन होण्या’त लहान मोठ्यात मिसळल्याची छटा आहे आणि इथे दोन्ही जवळपास तोलामोलाची होती. ‘युती’ मात्र नकोच. आकाशात दोन ग्रह जवळ दिसतात त्यासाठी तो शब्द आधीच ठरलेला आहे.

आता तारे. १९४४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी ताऱ्यांचे दोन गट मांडले. पहिल्या गटात सूर्यासारखे, धातू भरपूर असलेले तारे येतात. दुसऱ्यात जुने, धातू कमी असलेले. (खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळेच ‘धातू’, अगदी ऑक्सिजनसुद्धा.) धातू मुळीच नसलेल्या आद्य ताऱ्यांना पुढे तिसरा क्रमांक मिळाला. म्हणजे आकडा वाढतो तसे आपण भूतकाळात जातो. ‘पिढी’ म्हटले की वाचक उलट मोजतो, तिसरी पिढी म्हणजे नातवंडे! म्हणून ‘तिसरा गट’ किंवा सरळ ‘आद्य तारे’ लिहावे.

हे दोन विषय एकत्र येतात तिथे आणखी जपायला हवे. धातू नसलेला वायू मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंमुळेच थंड होतो, तोही साधारण २०० केल्विनपर्यंतच. वायू असा तुलनेने गरमच राहिल्यामुळे त्याचे मोठमोठे गोळेच आकुंचन पावतात आणि तारे सूर्याच्या दहापट ते शेकडो पट भारी बनत असावेत. धातूंअभावी ताऱ्यांचा वारा (ताऱ्यातून सतत बाहेर वाहणारा वायू) दुबळा असतो, वस्तुमान टिकते आणि विवरही भारी होऊ शकते. पण ‘आद्य ताऱ्यांची कृष्णविवरे झाली’ असे सरसकट लिहिणे चूक आहे. सिद्धान्तानुसार सुमारे १४० ते २६० सूर्यांइतके तारे पूर्णच उधळले जातात, मागे विवर उरत नाही. ‘काही आद्य ताऱ्यांची’ म्हणावे. २१ मे २०१९ रोजी टिपलेल्या घटनेत सुमारे ८५ आणि ६६ सूर्यांची विवरे एक झाली. त्यांचे मूळ आद्य ताऱ्यांत ‘असू शकेल’ इतकेच लिहिता येते. आधीच्या विलयांतून ती घडली असण्याचीही शक्यता आहे.