नाताळात आणलेला पॉइन्सेटिया पुन्हा लाल कसा करायचा?

झाड वर्षभर हिरवंगार वाढलं, पण लाल काही होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. खत वाढवू नका. त्याला हवाय तो अंधार. लाल दिसतात ती खरं तर पानंच. खरी फुलं म्हणजे मधले पिवळसर बारके दाणे. रात्र मोठी झाली की झाड फुलोऱ्यावर येतं, पण बाल्कनीत ट्यूबलाइट किंवा रस्त्याचा दिवा पडत असेल तर त्याच्या लेखी रात्र होतच नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी ५ ते सकाळी ८ कुंडीवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला. फटीतूनही उजेड नको. दिवसा मात्र भरपूर ऊन द्या. असं ८ ते १० आठवडे करायचं, मध्ये खाडे नकोत. माझ्या झाडाला नोव्हेंबरात शेंड्याच्या पानांच्या शिरा आधी तांबूस झाल्या, मग पानं रंगली. तो दिवस मी अजून विसरलेले नाही!

छाटणी मार्च-एप्रिलमध्येच उरका. चीक त्वचेला खाजतो, हातमोजे घाला. पाणी माती वरून सुकल्यावरच.